साध्या सायकलला मोटर बसवताना: फ्रेम, ब्रेक आणि सुटे भाग यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेक प्रश्न "कोणती मोटर घेऊ?" इथून सुरू होतात. मोटर मात्र शेवटी ठरवायची गोष्ट आहे. सायकलची फ्रेम, एक्सलच्या खाचा आणि ब्रेक यांवरून तुम्हाला काय बसवता येईल ते ठरतं. खालची उत्तरं बाजारात सहज मिळणाऱ्या ३६ व्होल्ट, २५० वॅटच्या किटला धरून आहेत.

१. कोणत्या सायकलला मोटर बसवावी आणि कोणत्या सायकलला नको?

स्टीलची फ्रेम, स्टीलचा साधा (सस्पेन्शन नसलेला) फोर्क, २६ इंची किंवा ७००सी चाकं आणि व्ही-ब्रेक किंवा डिस्क असलेली सायकल सगळ्यात सोयीची. किटमुळे सायकलचं वजन सहा ते आठ किलोंनी वाढतं आणि सरासरी वेगही वाढतो, म्हणून खड्ड्यात बसणारा दणका आधीपेक्षा मोठा असतो. स्टील आधी वाकतं, मग तडकतं. ॲल्युमिनियम बहुधा इशारा न देताच तुटतं. मागच्या चाकात मोटर असेल आणि टॉर्क आर्म (एक्सलला फिरू न देणारी, फ्रेमवर टेकणारी धातूची पट्टी; प्रश्न ६) नीट लावला असेल तर ॲल्युमिनियमची फ्रेम चालते.

कार्बनची फ्रेम किंवा फोर्क नको. स्वस्त सस्पेन्शन फोर्कमध्ये पुढची मोटर नको. गंजलेली किंवा आधी वेल्डिंग केलेली फ्रेमही नको. चेन-स्टे (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) आणि सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) जिथे मिळतात तिथे, आणि हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या छोट्या नळीच्या) खाली, रंगावर केसासारखी रेघ दिसली तर रंग खरवडून बघा. रेघ धातूतही उतरली असेल तर ती फ्रेम मोटरसाठी बाद.

२. किट मागवण्याआधी नेमकं काय काय मोजायचं?

व्हर्निअर कॅलिपर घ्या, साध्या पट्टीने अर्ध्या मिलिमीटरचा फरक कळत नाही.

फोर्कच्या दोन्ही पायांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर: पुढे ते बहुतेकदा १०० मिमी असतं. मागे गिअरच्या एमटीबीला १३५ मिमी, जुन्या रोड बाइकला १३० मिमी, बिनगिअरच्या सायकलला ११० ते १२० मिमी.

एक्सलच्या खाचेची रुंदी: मोटरच्या एक्सलचा व्यास १२ किंवा १४ मिमी असला, तरी दोन बाजू घासून सपाट केलेल्या असतात आणि त्या सपाट बाजूंमधलं अंतर १० मिमी असतं. मागची खाच सहसा १० मिमीच असते. पुढची बऱ्याचदा ९ मिमी असते, ती कानशीने दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिमी वाढवावी लागते. घासायचं फक्त बाजूंना. खाचेचा तळ खोल केला तर चाक तिरपं बसतं. आणि थोडं घासून एक्सल बसवून बघत जा, जास्त घासलं गेलं तर एक्सल खाचेत हलू लागतो आणि ते भरून काढता येत नाही.

रिमची भोकं मोजा (प्रश्न ७ मध्ये कारण आहे), मागे किती गिअर आहेत ते मोजा (प्रश्न १२), आणि मिड-ड्राइव्ह (पॅडलपाशी बसणारी मोटर) घेणार असाल तर पॅडलच्या नळकांड्याची, म्हणजे बॉटम ब्रॅकेट शेलची, रुंदी मोजा. ती ६८ किंवा ७३ मिमी आणि आतला व्यास ३४ मिमीच्या आसपास असेल तर बहुतेक किट बसतात.

३. मोटर पुढच्या चाकात, मागच्या चाकात की पॅडलपाशी?

पुढची मोटर बसवायला सगळ्यात सोपी, कारण चेन आणि गिअरला हातच लागत नाही. पण ओल्या रस्त्यावर किंवा खडी असलेल्या चढावर पुढचं चाक जागच्या जागी फिरतं, कारण चढावर वजन मागे सरकतं. सपाट शहरात स्टील फोर्क असेल तर ही निवड वाईट नाही.

मागची मोटर पकड चांगली देते आणि फोर्कवर ताण टाकत नाही. पंक्चर काढणं मात्र कटकटीचं होतं (प्रश्न १४). आमची शिफारस बहुतेकांना हीच असते.

मिड-ड्राइव्ह मोटर चेनमधूनच जोर लावते, म्हणून सायकलचे गिअर तिला वापरता येतात आणि घाटात ती हब मोटरपेक्षा (चाकाच्या मध्यात बसणाऱ्या मोटरपेक्षा) सरस ठरते. बदल्यात चेन आणि मागचे दाते लवकर झिजतात. तिची किंमत जास्त असते आणि तिचा लॉकनट पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये हमखास ढिला होतो. तो पुन्हा आवळला नाही तर मोटर शेलमध्ये फिरून फ्रेमला खरचटते.

४. लायसन्स, नंबर प्लेट लागते का? ५०० वॅटची मोटर लावली तर?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २(यू) नुसार मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर बॅटरीवरचं असं वाहन 'मोटार वाहन' धरलं जात नाही. पॅडल-असिस्ट सायकलसाठी आणखी एक अट आहे: वेग २५ कडे जाईल तशी मोटर हळूहळू कमी होऊन बंद पडली पाहिजे, आणि पॅडल मारणं थांबलं की त्याआधीच बंद झाली पाहिजे. चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हेही नियमातच आहे.

लोक इथेच चुकतात: ही सवलत मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेल्या वाहनाला आहे. पुण्याची एआरएआय अशा संस्थांपैकी एक. म्हणून किटवर '२५० वॅट' छापलेलं असणं पुरेसं नाही. विक्रेत्याकडे चाचणीचा दाखला मागा.

५०० किंवा १००० वॅटची मोटर लावली की सायकल सवलतीबाहेर जाते. मग नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं, आणि घरी जोडलेल्या सायकलची नोंदणी जवळपास अशक्य असते. अपघात झाला तर नुकसानभरपाई तुमच्या खिशातून.

५. पेट्रोल इंजिनाचं टू-स्ट्रोक किट ऑनलाइन मिळतं, ते लावू का?

नको. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाला सूट आहे ती फक्त २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाला. ही किटं साधारण ४८ ते ८० सीसीची असतात. शिवाय त्यांची मागची दातेरी चकती स्पोकवर रबर आणि नट-बोल्टने आवळलेली असते. ती जरा सरकली की चेन स्पोकमध्ये अडकते.

६. टॉर्क आर्म हवाच का? नट घट्ट आवळले तर पुरत नाही का?

हवाच. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा एक्सल उलट्या दिशेने फिरायला बघतो. ४० न्यूटन-मीटर जोर धरला तर १२ मिमी एक्सलची सपाट बाजू जेमतेम साडेसहा मिमी लांबीची असल्याने खाचेच्या कडांवर सुमारे सहाशे किलोचा दाब येतो. तोच जोर १० सेमी लांबीच्या टॉर्क आर्मने फ्रेमवर टेकवला तर टोकाशी फक्त चाळीसेक किलो. खाचेच्या कडा दबल्या की एक्सल आतच फिरतो, मोटरच्या वायरी पिळवटून तुटतात आणि चाक निसटतं. पुढच्या चाकाचं असं झालं तर काय होईल ते सांगायला नको.

जोडण्याचा क्रम: एक्सल खाचेच्या तळाशी पूर्ण बसवा, मग टॉर्क आर्म, मग वॉशर, मग नट. फोर्कच्या खाचेभोवती उंच कडा असेल तर साधा वॉशर तिरपा बसतो. तिथे कडेच्या आत मावणारा सी-आकाराचा वॉशर घाला. १२ मिमीच्या एक्सलला सहसा १८ चा पाना लागतो. नट सुमारे ४० न्यूटन-मीटरला आवळा आणि पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा बघा. टॉर्क आर्म होज क्लिपने बांधला असेल तर क्लिप स्टीलची हवी. प्लास्टिकच्या पट्ट्या इथे कामाच्या नाहीत.

ब्रेक लावल्यावर बॅटरी चार्ज करणारी (रिजनरेशनची) मोटर असेल तर दोन टॉर्क आर्म लावा. एक्सलवरचा जोर आलटून-पालटून दोन्ही दिशांनी येतो आणि एकाच टॉर्क आर्मवर नट ढिले होतात.

७. घरात जुनी काळी, रॉड ब्रेकची सायकल आहे. तिला बसेल का?

फ्रेम उत्तम आहे, बाकीचं मोजूनमापून करावं लागेल. या सायकलींच्या पुढच्या रिमला ३२ आणि मागच्याला ४० भोकं असतात, तर हब मोटरला ३६. म्हणजे जुनी रिम वापरता येत नाही.

रॉड ब्रेकचे रबर रिमला आतल्या बाजूने, हबकडून दाबतात. नवी ॲलॉय रिम लावली की तो ब्रेक तिला लागतच नाही. म्हणून पुढे मोटर बसवताना कॅलिपर ब्रेकही बसवायचा, हे एकच काम समजा.

जुनं २८ × १½ चाक ६३५ मिमीच्या रिमचं असतं. ३६ भोकांची ७००सी रिम ६२२ मिमीची, ती सहज मिळते आणि या फ्रेममध्ये मावते. त्रिज्येत साडेसहा मिमी फरक पडतो, तेवढी ब्रेकची पोच जास्त लागते. फोर्कच्या वरच्या भोकापासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लांब पोचेचा कॅलिपर घ्या. फोर्कला वर भोकच नसेल तर ब्रेझिंग करणाऱ्याकडून जागा करून घ्यावी लागते, आणि तोवर मोटर लावू नका.

कॉटर पिनच्या क्रँकला पॅडल सेन्सरची (पॅडल फिरतंय का ते ओळखणाऱ्या भागाची) चकती सरळ चढत नाही. दोन भागांत उघडणारी चकती मिळते, ती मागा. चकतीवर बाण असतो. ती उलटी बसली तर मोटर उलटं पॅडल मारल्यावरच चालते. सेन्सर आणि चुंबकांमध्ये एक ते तीन मिमी अंतर ठेवा.

मागे मोटर बसवायची असेल तर ११०-१२० मिमीची जागा १३५ करावी लागेल. स्टील असल्याने फ्रेम हळूहळू ताणता येते, पण दोन्ही बाजू सारख्याच. एका खाचेतून हेड ट्यूबवरून दुसऱ्या खाचेत दोरा ताणा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. ॲल्युमिनियमची फ्रेम कधीही अशी ताणू नका.

८. किटबरोबर आणखी कशावर पैसे घालू?

आधी ब्रेकवर, मग टायरवर. गिअर आणि सीट नंतर.

क्रोमच्या स्टील रिमवर पावसात रबर घसरतो आणि थांबायला दुप्पट जागा लागू शकते. ॲलॉय रिम आणि चांगल्या रबरांचा व्ही-ब्रेक ही सगळ्यात स्वस्त आणि मोठी सुधारणा. डिस्क हवी असेल तर आधी फोर्कला किंवा फ्रेमला कॅलिपरची जागा आहे का ते बघा. मोटरला सहा बोल्टची, ४४ मिमी वर्तुळाची बैठक हवी. मोटरचं झाकण कॅलिपरला घासत असेल तर रोटरखाली एक-दोन मिमीचा स्पेसर लागतो.

मोटर बंद करणारे ब्रेक लिव्हर किटबरोबर येतात. ते जुन्या हँडलवर बसत नसतील तर चुंबकाचा वेगळा स्विच ब्रेकच्या केबलला किंवा रॉडला लावता येतो. तो गाळू नका, पॅडल सेन्सर मोटर थांबवायला क्षणभर उशीर करतो.

टायर २६ × १.९५ किंवा जाड, हवा ४० ते ५० पीएसआय. मोटरच्या चाकाला सस्पेन्शन नसतं, तिथे जाड टायर हाच आधार.

९. मोटरच्या चाकाचे स्पोक सारखे तुटतात. जाड १२ गेजचे घालू का?

उलट त्रास वाढेल. जाड स्पोकला तेवढंच ताणायला जास्त जोर लागतो आणि साधी रिम तो सोसत नाही. मग स्पोक कमी ताणावरच राहतात, प्रत्येक फेरीला खालच्या बाजूला ढिले पडतात, निपल सुटतात आणि शेवटी तुटतात. १३ गेज (२.३ मिमी) सहसा योग्य. १४ गेजचे (२ मिमी) घालायचे असतील आणि मोटरच्या कडेची भोकं मोठी असतील तर स्पोकच्या डोक्याखाली छोटे वॉशर घाला.

स्पोक कुठे तुटतोय ते बघा. निपलपाशी तुटत असेल तर विणकाम चुकलंय. मोटरचा घेर मोठा असल्याने नेहमीसारखं तीनदा ओलांडून विणलं की स्पोक रिममध्ये तिरपा शिरतो आणि निपलपाशी वाकतो. २६ इंची रिमला एकदाच ओलांडून विणा, २० इंचीला सरळही चालतं. डोक्यापाशी तुटत असेल तर ताण कमी आहे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर मिस्त्रीकडून चाकाचा आउट काढून घ्या.

१०. ३६ च्या जागी ४८ व्होल्टची बॅटरी लावली तर वेग वाढेल ना?

वाढेल, साधारण तेहेतीस टक्के. २५ चे ३३ होतील आणि सायकल कायद्याबाहेर जाईल (प्रश्न ४). पण त्याआधी कंट्रोलर (बॅटरीची वीज मोटरला मोजून देणारी पेटी) जाऊ शकतो. ३६ व्होल्टच्या अनेक कंट्रोलरमध्ये ५० व्होल्टचे कपॅसिटर असतात आणि पूर्ण भरलेली ४८ व्होल्टची बॅटरी ५४.६ व्होल्ट देते.

याचीच दुसरी बाजू: २६ इंची चाकासाठीची मोटर ७००सी किंवा २८ इंची चाकात विणली तर वेग थोडा वाढतो आणि चढावरचा जोर तेवढाच कमी होतो. कंट्रोलरमध्ये चाकाचा आकार बदलून वेगमर्यादा पुन्हा लावा.

११. बॅटरी किती मोठी घेऊ आणि कुठे बसवू?

३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-अवर. त्यातले तीनशे वापरायचे धरा. पॅडल मारत गेलात तर किलोमीटरला १० ते १२ लागतात, म्हणजे २५ ते ३० किलोमीटर. नुसत्या थ्रॉटलवर (पॅडल न मारता) १५ ते १८, म्हणजे १७ ते २० किलोमीटर. जाहिरातीतले आकडे हलक्या माणसाचे, सपाट रस्त्याचे असतात.

क्षमतेइतकंच ती किती करंट देऊ शकते हेही बघा. १५ अँपिअरच्या कंट्रोलरला किमान २० अँपिअरचा बीएमएस (बॅटरीतलं सेल सांभाळणारं सर्किट) हवा. स्वस्त पॅकमध्ये सेल समांतर कमी असतात, मग चढावर व्होल्टेज कोसळतं आणि अर्धी भरलेली बॅटरी अचानक बंद पडते. कंट्रोलरआधी २५ अँपिअरचा फ्यूज टाका. चार्जर ४२ व्होल्टचाच हवा. लिथियम फॉस्फेटच्या बारा सेलच्या पॅकला मात्र ४३.८ चा लागतो. दोन्हींची अदलाबदल करू नका.

जागा खालच्या तिरप्या नळीवर, बाटलीच्या बोल्टांवर. बोल्टची भोकं नसतील तर रिव्हनट (नळीत दाबून बसवायचा आट्यांचा नट) बसवून घ्या किंवा रबर लावून पट्ट्यांनी आवळा. नळीला साधं भोक पाडून स्क्रू मारू नका. लेडीज फ्रेमला नाइलाजाने कॅरिअरवर, पण मग कॅरिअर जाड सळईचा हवा. उन्हातून आल्याआल्या चार्जिंगला लावू नका, पॅक थंड होऊ द्या. आणि घराच्या दाराच्या वाटेत चार्ज करू नका.

१२. माझ्या सायकलला मागे ८ किंवा ९ गिअर आहेत, ते तसेच राहतील का?

बहुतेक वेळा नाही. आठ-नऊ गिअरला कॅसेट (हबवर सरकवून बसवलेला दात्यांचा संच) असते आणि हब मोटरला सहसा आट्यांवर चढणारं फ्रीव्हील लागतं, तेही सात गिअरचं. मग सातचा शिफ्टरही घ्यावा लागतो. आठचं फ्रीव्हील बळेच चढवलं तर सगळ्यात लहान दाता फ्रेमला घासतो. कॅसेटवाल्या मोटर मिळतात, किंमत थोडी जास्त. फ्रीव्हील १४-२८ ऐवजी ११ दात्यांपासून सुरू होणारं मिळालं तर घ्या. नाहीतर वेग वाढला की पाय नुसते भिरभिरतात.

१३. घाट चढेल का?

माणूस ७०, सायकल २२ आणि किट ८, असे शंभर किलो धरा. मोटर २०० वॅट आणि पाय १०० वॅट देत असतील तर शंभर मीटरला सहा मीटरच्या चढावर वेग १४-१५ राहतो, आणि दहा मीटरच्या चढावर ९-१०. दुसऱ्या आकड्याशी हब मोटर तिच्या नेहमीच्या वेगाच्या निम्म्याहून कमी फिरते, वीज उष्णतेत जाते आणि प्रत्यक्षात वेग आणखी पडतो. शहरातले पूल आणि छोटे चढ ठीक. रोजच्या वाटेवर खरा घाट असेल तर मिड-ड्राइव्ह (प्रश्न ३). हब मोटरवरच भागवायचं असेल तर थ्रॉटल सोडा, खालच्या गिअरमध्ये पाय मारा आणि मोटरला हात लावता येत नाही इतकी तापली तर थांबा. आतले नायलॉनचे गिअर असेच जातात.

१४. वाटेत पंक्चर झालं तर?

मोटरच्या चाकाजवळ, फ्रेमवर, पाणी न शिरणारा कनेक्टर असतो तो आधी सोडवा. १८ चा पाना नेहमी जवळ ठेवा. पण बहुतेक पंक्चरना चाक काढायची गरजच नसते. टायरची एक बाजू उतरवून ट्यूब बाहेर ओढा, तिथेच पॅच लावा. चाक काढलंच तर वॉशर आणि टॉर्क आर्मचा क्रम फोटो काढून ठेवा.

१५. पावसात चालवली तर चालेल का?

चालेल, पाण्यात बुडवू नका. मोटरमध्ये पाणी शिरतं ते एक्सलमधून वायर बाहेर येते तिथून, म्हणून वायरला एक्सलपाशी खाली झोळ द्या, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतात. कंट्रोलरची वायरींची बाजू खाली ठेवा. जोडांवर इन्सुलेशन टेप नको, तो उन्हाने सुटतो आणि आत पाणी धरून ठेवतो. जोडांवर हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) आणि कनेक्टरमध्ये सिलिकॉन ग्रीस. धुताना प्रेशरचा पाइप हबवर मारू नका. कोकणात समुद्राजवळ असाल तर पावसाळा संपला की कनेक्टर उघडून हिरवट थर आलाय का ते बघा.

१६. मोटर फिरत नाही, नुसती थरथरते. जळली का?

शक्यता कमी. थरथर म्हणजे तीन जाड (फेज) वायरींपैकी एक सुटली आहे किंवा हॉल सेन्सरच्या (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला कळवणाऱ्या भागाच्या) पाच बारीक वायरींपैकी एखादी. बॅटरी काढा, मोठा कनेक्टर उघडून वाकलेली पिन बघा. मग मल्टिमीटरने: चाक हळू फिरवताना प्रत्येक हॉल वायरवर व्होल्टेज शून्याजवळून पाचच्या आसपास वर-खाली झालं पाहिजे (यासाठी बॅटरी जोडलेली आणि कंट्रोलर चालू हवा). एक वायर हलतच नसेल तर दोष त्या सेन्सरचा किंवा त्याच्या वायरचा. एक्सलपाशी वायरी पिळवटल्या असतील तर कारण प्रश्न ६ मध्ये आहे, आणि नवी वायर घालण्याआधी खाचेच्या कडा तपासा.

चाक सुटं असताना मोटर सुरळीत फिरते पण बसल्यावर आतून खरखर येते आणि जोर लागत नाही, असं असेल तर नायलॉन गिअर किंवा आतला क्लच झिजलाय. गिअरचा संच वेगळा मिळतो. जुन्या गिअरचे दाते आणि व्यास मोजूनच मागवा.